परळच्या शिळेवरचा ‘भाल’ : अनोळखी जुन्या शब्दाचा अर्थ मोबाइलवरून कसा शोधायचा?

एखाद्या शब्दाचा अर्थ अडला की आपण काय करतो? मोबाइल काढतो, सर्च करतो आणि पहिलं जे उत्तर येईल ते घेऊन पुढे जातो. रोजच्या शब्दांसाठी हे चालून जातं. पण शब्द आठशे वर्षं जुना असेल तर? तेव्हा पहिलं उत्तर बरेचदा चुकीच्या दिशेला नेतं. गंमत म्हणजे बरोबर उत्तरही त्याच मोबाइलमध्ये असतं, फक्त दोन-तीन पायऱ्या पुढे.

आज आपण एकच शब्द घेणार आहोत : ‘भाल’. हा शब्द मुंबईतल्या परळला सापडलेल्या एका शिलालेखावर आहे. लेख आहे इ. स. ११८७ चा. म्हणजे गिरण्या, चाळी, लोकल, इंग्रज, पोर्तुगीज या सगळ्यांच्या कितीतरी आधीचा. या एका शब्दाचा माग काढता काढता जुन्या शब्दांचा अर्थ शोधायची पूर्ण पद्धत समजून घेऊया. नंतर हीच पद्धत तुम्हाला आडनावाला, गावाच्या नावाला किंवा आजीच्या तोंडच्या एखाद्या शब्दालाही लावता येईल.

आधी शिळेबद्दल थोडंसं

बाराव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहार राजांची सत्ता होती. राजधानी ठाणे, तेव्हाचं नाव स्थानक. त्या घराण्यातल्या दुसऱ्या अपरादित्याच्या काळातला हा लेख परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसजवळ मिळाला. ती इमारत आजही आहे. १८९९ पासून तिथे प्लेगवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आली आणि आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो. केईएमला किंवा टाटा हॉस्पिटलला जाताना तिच्या आसपासून तुम्ही नक्की गेला असाल.

लेखाचा विषय तसा सरकारी आहे. षट्षष्टी भागातल्या माहवली गावातल्या एका बागेच्या उत्पन्नातून २४ द्रम्म दर्भावतीच्या वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठी द्यायचे, असं हे दानपत्र आहे. ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट, आणि याच नावाचं पुढे ‘साष्टी’ झालं. पोर्तुगीजांनी त्याचं साल्सेट केलं. कुर्ला, अंधेरी, बोरिवली हे सगळं साष्टीत येतं.

लेखाची मुख्य भाषा संस्कृत आहे. पण शेवटी एक शाप आहे आणि तो मराठीत आहे. कारण सरळ आहे. दानाचा तपशील राजा, लेखक आणि पुजारी यांच्यासाठी होता. शाप मात्र त्या बागेवर डोळा ठेवणाऱ्या कुणालाही कळायला हवा होता. म्हणून तो लोकांच्या बोलीत.

शापाचे दोन भाग आहेत. दुसरा भाग म्हणजे गाढवाचा उल्लेख असलेली शिवी, तीही आईवरून. अशा लेखांना ‘गधेगाळ’ म्हणतात. अशा बऱ्याच शिळांवर ही शिवी चित्रातही कोरलेली असते, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ती समजते. दम द्यायचा तर बाईच्या अब्रूवरून द्यायचा, ही सवय किती जुनी आहे तेही या दगडांवरून कळतं.

आपला शब्द शापाच्या पहिल्या भागात आहे. जो कोणी हे शासन मोडेल त्याच्यावर, कुटुंबासकट, वैद्यनाथ देवाची ‘भाल’ पडो, असा त्याचा आशय आहे. बाकीचे शब्द थोड्या प्रयत्नाने लागतात :

• ‘कोणुहुवि’ म्हणजे कोणीही.
• ‘शासन’ म्हणजे इथे सरकार नाही, तर राजाची लेखी आज्ञा. आजच्या ‘शासन निर्णय’ या शब्दाच्या जवळचा अर्थ.
• ‘लोपी’ म्हणजे लोप करील, नाहीसं करील.
• ‘सकुटुंबिआ’ म्हणजे कुटुंबासह.

राहिला ‘भाल’. देवाची भाल पडो. आता हे काय प्रकरण आहे?

पायरी १ : पहिलं उत्तर लिहून ठेवा, पण त्यावर थांबू नका

‘भाल’ सर्च केलं की पहिला अर्थ येणार : कपाळ. चूक काहीच नाही. संस्कृतात भाल म्हणजे कपाळच. लालबाग-परळच्या पोरांना तर हे सांगायलाच नको. ‘भालचंद्र’ हे गणपतीचं नाव, म्हणजे ज्याच्या कपाळावर चंद्र आहे तो.

मग शापाचा अर्थ काय झाला? ‘वैद्यनाथ देवाचं कपाळ त्याच्या कुटुंबावर पडो.’ ऐकायलाच विचित्र वाटतं. इथे एखादा हुशार मित्र म्हणेल, ‘अरे, वैद्यनाथ म्हणजे शंकर. शंकराच्या कपाळावर तिसरा डोळा. म्हणजे तिसऱ्या डोळ्याची आग पडो असं असणार!’ कल्पना छान आहे. एआय चॅटबॉटला विचारलंत तर तोही असंच काहीतरी सुबक वाक्यात आणि पूर्ण आत्मविश्वासाने सांगू शकतो. पण छान वाटणं हा पुरावा नाही. शब्दांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसवणूक छान वाटणाऱ्या गोष्टींनीच होते.

म्हणून नियम असा : पहिलं उत्तर म्हणजे उमेदवार क्रमांक एक. निकाल अजून लागायचाय.

पायरी २ : शब्दाच्या शेजारी कोण उभं आहे ते बघा

शोध घेताना एकटा शब्द उचलू नका. त्याच्या आजूबाजूचे शब्दही घ्या. इथे शिळेवर ‘देवाची भाल’ असं आहे. ‘देवाचा’ नाही, ‘देवाचें’ नाही. देवा‘ची’.

हा ‘ची’ खूप मोठा पुरावा आहे. त्यातून कळतं की कोरणाऱ्याच्या बोलीत ‘भाल’ स्त्रीलिंगी होती : ती भाल. आता कपाळ या अर्थाचा भाल शब्द बघा. तो संस्कृतात नपुंसकलिंगी आहे आणि मराठीतही तो स्त्रीलिंगी नाही. म्हणजे उमेदवार क्रमांक एकला इथेच धक्का बसला.

शब्दकोश बघताना आपण अर्थाकडे जातो आणि लिंगाची खूण वगळतो. तसं करू नका. मराठी कोशात ती पु., स्त्री., न. अशी असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात एम, एफ, एन अशी इंग्रजी अक्षरं असतात. जुना शब्द शोधताना ही एका अक्षराची खूण कधीकधी अख्ख्या अर्थापेक्षा जास्त कामाची ठरते.

पायरी ३ : योग्य कोश उघडा

आता प्रश्न येतो, कोणता कोश? आनंदाची बातमी अशी की मराठीचे बरेच महत्त्वाचे कोश मोबाइलवर फुकट बघता येतात. शिकागो विद्यापीठाची ‘डिजिटल साऊथ एशिया लायब्ररी’ नावाची साइट आहे, तिथे हे सगळे एकत्र मिळतात. प्रत्येकाचं काम वेगळं आहे :

• मोल्सवर्थ : पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७. गिरण्या येण्याच्या सुमारास मराठी कशी बोलली जायची ते यात दिसतं. बोलीतले, शेतातले, कारागिरांचे शब्द भरपूर.
• महाराष्ट्र शब्दकोश : य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी संपादित केलेला. पहिला खंड १९३२ चा. अर्थासोबत जुन्या ग्रंथांतली उदाहरणंही देतो.
• तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश : १९९९. ज्ञानेश्वरी, महानुभावांचं गद्य आणि शिलालेख यांतले शब्द इथे शोधायचे. अर्थ इंग्रजीत आहेत.
• टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश : १९६० च्या दशकातला. एक मूळ शब्द मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली, सिंहलीपर्यंत कसा बदलत गेला ते एका जागी दिसतं. यात शोधताना शब्द रोमन लिपीत टाकावा लागतो.

याशिवाय ‘बृहद्कोश’ या मराठी साइटवरही अनेक मराठी कोशांत एकाच वेळी शोधता येतं. मोबाइलवर वापरायला ती सोपी आहे.

शोधताना तीन टिप्स लक्षात ठेवा :

१. शब्द प्रत्यय काढून टाका. ‘भालेने’ नको, ‘भाल’ टाका.

२. मिळाला नाही तर स्पेलिंग बदलून बघा : ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार असलेलं-नसलेलं, ल आणि ळ. कॉम्प्युटरसाठी ल आणि ळ ही दोन पूर्ण वेगळी अक्षरं आहेत. तुम्हाला ती जवळची वाटली तरी सर्चला वाटत नाहीत.

३. फक्त मुख्य शब्दांत न शोधता पूर्ण मजकुरात शोधायचा पर्याय असेल तर तोही वापरा. हवा असलेला शब्द दुसऱ्याच शब्दाच्या अर्थात लपलेला असतो.

असं शोधलं की उमेदवार क्रमांक दोन समोर येतो : शस्त्र. संस्कृतात ‘भल्ल’ म्हणजे एका प्रकारचा टोकदार बाण. ‘भल्ली’ असं स्त्रीलिंगी रूपही आहे. आपला आजचा ‘भाला’ याच कुटुंबातला. आणि ‘भालदार-चोपदार’ आठवतात ना? राजाच्या पुढे भाला घेऊन चालणारा तो भालदार. त्यात शस्त्राच्या अर्थाचा ‘भाल’ आजही शिल्लक आहे, आपल्याला तो ऐकू येत नाही इतकंच.

पायरी ४ : आवाजाचा नियम लावा

हा भाग सगळ्यात मजेशीर आहे. शब्द काळाप्रमाणे बदलतात, पण कसेही बदलत नाहीत. त्यांचे नियम असतात.

पहिला नियम : जोडाक्षरातलं एक व्यंजन गळतं आणि त्याच्या आधीचा स्वर लांब होतो.

• हस्त → हत्थ → हात
• सप्त → सत्त → सात
• कर्ण → कण्ण → कान
• कर्म → कम्म → काम

याच नियमाने भल्ल-भल्ली पासून ‘भाल’ तयार होते. शेवटचा ‘ई’ गळणंही नेहमीचंच आहे. रात्रि → रत्ति → रात, तसंच भल्ली → भाल. आणि रात जशी स्त्रीलिंगी राहिली, तशीच भालही. म्हणजे पायरी २ मधला ‘ची’ इथे बरोबर बसला.

दुसरा नियम तर फक्त मराठीसारख्या ‘ळ’ जपणाऱ्या भाषांमध्येच कामाला येतो. दोन स्वरांच्या मधला एकटा ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो. पण मुळात ‘ल्ल’ असेल तर त्याचा ‘ल’ राहतो. ही जोडी बघा :

• गल (घसा) → गळा, पण गल्ल → गाल
• काल (वेळ) → काळ, पण कल्य → कल्ल → काल (आजच्या आधीचा दिवस)
• मूल → मूळ, पण फुल्ल → फूल

आता हाच नियम आपल्या दोन उमेदवारांना लावा. कपाळ या अर्थाचा ‘भाल’ लोकांच्या तोंडी रुळला की त्याचं काय होणार? ‘भाळ’. आणि झालंही तसंच! ‘भाळी लिहिलेलं’ असं आपण आजही म्हणतो. उलट शस्त्राच्या ‘भल्ल’ मध्ये ल्ल आहे, म्हणून तिथे ‘भाल’. म्हणजे बोलीभाषेत कपाळाचं भाळ आणि शस्त्राची भाल, असे दोघांचे रस्ते वेगळे झाले. शाप बोलीत आहे आणि तिथे शब्द ‘भाल’ असा आहे.

इथे थोडी सावधगिरी हवी. जुन्या कोरीव लेखांत ल आणि ळ नेहमीच आजच्यासारखे वेगळे लिहिलेले नसतात. शिवाय ‘भालचंद्र’ सारखे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे घेतले जातात, त्यात ल टिकतो. म्हणून ल-ळ चा पुरावा एकटा पुरेसा नाही. पण ‘देवाची’ मधलं स्त्रीलिंग, आवाजाचा नियम आणि अर्थ, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर निकालाला वजन येतं.

पायरी ५ : त्याच शिळेवर दुसरा साक्षीदार शोधा

एक नियम एका शब्दाला लागू पडला तर तो योगायोगही असू शकतो. म्हणून त्याच लेखातला दुसरा शब्द घेऊन बघूया : ‘द्रम्म’. दानाची रक्कम २४ द्रम्म होती.

द्रम्म हे नाण्याचं नाव. ते आलं ग्रीक भाषेतल्या ‘द्राख्मे’ वरून. अलेक्झांडरनंतर वायव्य भारतात ग्रीक राजे होते, त्यांच्या नाण्यांबरोबर हा शब्द इथे रुजला. युरो येईपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत, ग्रीसचं चलन द्राख्माच होतं.

आता द्रम्मला आपला पहिला नियम लावा. द्रम्म → दम्म → ? बरोबर, ‘दाम’! ‘दामदुप्पट’, ‘छदाम’, ‘दाम मोजणे’ मधला दाम. दादरच्या फुलबाजारात सणासुदीला गोंड्याचा दाम ऐकून तुम्ही तोंड वाकडं करता तेव्हा तुमच्या तोंडी एक जुना ग्रीक शब्द असतो. आणि भल्ल पासून भाल ज्या वाटेने आला, त्याच वाटेने द्रम्म पासून दाम आला.

पायरी ६ : अर्थ वाक्यात बसवून बघा

शेवटची परीक्षा. ‘वैद्यनाथ देवाची भाल त्याच्यावर पडो.’ भाल म्हणजे भाल्यासारखं टोकदार शस्त्र. वैद्यनाथ म्हणजे शंकर, आणि त्याच्या हातात त्रिशूळ. देवाचं शस्त्र त्या माणसाच्या घरादारावर पडो. आता शाप शापासारखा वाटतो.

शिवाय ‘पडणे’ हे क्रियापदही नीट बसतं. ‘वीज पडो’, ‘कुऱ्हाड कोसळली’ हे आपण आजही म्हणतो. वरून काहीतरी घातक पडणं ही मराठी शापांची जुनी चाल आहे. कपाळ कुणावर पडत नाही.

निकाल : भाल म्हणजे भाला, देवाचं टोकदार शस्त्र.

जगात दुसरीकडे हे कसं करतात?

आपलं काम तसं सोपं होतं, कारण भालचे नातेवाईक आजही बोलण्यात आहेत. आता आजच्या तुर्कस्तानात आणि उत्तर सीरियात तीन हजार वर्षांपूर्वी लिहिली जाणारी लुवियन भाषा घ्या. ती आज कुणीही बोलत नाही. तिची चित्रलिपी इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमारास वापरातून गेली. अशा भाषेतला एखादा शब्द एखाद-दुसऱ्या दगडावरच सापडला तर त्याचा अर्थ कसा लावायचा?

तिथे मोठी मदत झाली ती कारातेपे या ठिकाणी. १९४६ मध्ये तिथे एकच मजकूर फिनिशियन आणि लुवियन अशा दोन्ही भाषांत कोरलेला सापडला. फिनिशियन वाचता येत होती, त्यामुळे लुवियनचे अर्थ ताडून बघता आले. गंमत म्हणजे त्या मजकुराच्या शेवटीही शापच आहे. अझातिवत नावाच्या सत्ताधीशाने तो लेख कोरून घेतला. दरवाजावरचं त्याचं नाव जो पुसेल, त्याला आणि त्याच्या राज्याला देवांनी पुसून टाकावं, असा त्याचा आशय. परळच्या ‘लोपी’ ची आठवण आली ना? भाषा वेगळी, देव वेगळे, मध्ये दोन हजार वर्षांचं अंतर, पण भीती तीच : माझ्यानंतर कुणीतरी हे पुसून टाकेल.

टेक्नॉलॉजीच्या बाजूने बघायचं तर २०१५ मध्ये ही चित्रलिपी युनिकोडमध्ये आली. फॉन्ट टाकला तर तुमच्या मोबाइलवरही ती चिन्हं दिसू शकतात. दगडावरचं चिन्ह एकदा सर्च करता येण्यासारखं झालं की जगभरातल्या अभ्यासकांना एकमेकांचे लेख ताडून बघणं सोपं होतं. आपल्या जुन्या मराठी लेखांच्या बाबतीतही तेच आहे. सर्चमध्ये जे येत नाही ते नव्या पिढीसाठी जवळजवळ नसल्यातच जमा होतं.

मोबाइलवर वाचून झालं, मूळ पुस्तक हवं असेल तर?

परळच्या लेखावर एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी काम केलं. पुढे शं. गो. तुळपुळे यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ मध्ये पुणे विद्यापीठाने काढलं. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या सगळ्या लेखांचा इंग्रजी खंड तयार केला, तो १९७७ मध्ये आला. शब्दांच्या उगमासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ आहे.

जुनी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन रूपात शोधून बघा. फक्त लक्षात ठेवा, देवनागरी स्कॅनमधून मशिनने ओळखलेला मजकूर बऱ्याच चुका करतो. ‘भाल’ चं ‘माल’ व्हायला वेळ लागत नाही, कारण भ आणि म दिसायला जवळचे. त्यामुळे कॉपी-पेस्ट करण्याआधी पानाचा फोटो डोळ्यांनी वाचा.

आणि परळ-लालबागला राहत असाल तर दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ पासूनची संस्था. घरापासून फार लांब नाही. एक दुपार काढून जा. कोशाचे खंड समोर उघडे ठेवून शोधण्यात वेगळीच मजा आहे. एक शब्द शोधायला जाता आणि शेजारचे दहा सापडतात.

दगड स्वतःच सापडला तर?

कोकणात, ठाणे-पालघर पट्ट्यात अशा शिळा अजूनही सापडतात. कधी शेताच्या बांधावर, कधी देवळामागे. ट्रेकला गेलात आणि दिसली तर :

• फोटो दुपारच्या उन्हात नको. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्या, किंवा मित्राला मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी बाजूने धरायला सांगा. तिरप्या उजेडात खोदलेल्या अक्षरांत सावली पडते आणि ती उठून दिसतात.
• उजेड चारही बाजूंनी फिरवून चार फोटो काढा, कॅमेरा मात्र एकाच जागी ठेवा. एका फोटोत न दिसलेली वेलांटी दुसऱ्यात दिसते.
• खडू, पीठ, तेल, रंग काहीही लावू नका. तारेच्या ब्रशने घासू नका. एक वेलांटी झिजली तर ‘देवाची’ चं ‘देवाचा’ होईल, आणि आपला सगळ्यात मोठा पुरावाच जाईल.
• दगड हलवू नका. तो कुठे उभा आहे हीसुद्धा माहिती आहे. जागेचं लोकेशन सेव्ह करा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा.

काही नेहमीचे प्रश्न

*शिळेवर वैद्यनाथ आहे, मग परळ हे नाव परळी वैजनाथवरून आलं हे सिद्ध झालं का?*
नाही. परळच्या नावाबद्दल दोन मतं सांगितली जातात : एक परळी वैजनाथचं, दुसरं पाडळ या झाडाचं. पण शिळेवरचा वैद्यनाथ हा ‘दर्भावती’ चा आहे, परळीचा नाही. गुजरातमधल्या डभोईचं जुनं नाव दर्भावती होतं. म्हणजे फक्त ‘वैद्यनाथ’ एवढाच शब्द उचलून फॉरवर्ड केला तर तो पुरावा वाटतो, शेजारचा शब्द वाचला की पुरावा राहत नाही. पायरी २ पुन्हा वाचा!

*चॅटबॉटला विचारूच नये का?*
विचारा की. फक्त ‘अर्थ सांग’ असं विचारू नका. ‘कोणत्या कोशात, कोणत्या लिंगात हा अर्थ आहे?’ असं विचारा आणि मग तो कोश स्वतः उघडून बघा. नोंद सापडली नाही तर उत्तर बाजूला ठेवा.

*एका शब्दासाठी एवढी खटपट कशाला?*
३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. मराठी किती जुनी आहे हे आपण अभिमानाने सांगतो, पण ते कशाच्या आधारावर? जुने ग्रंथ आणि असेच दगड. ते चुकीचे वाचले, चुकीचे फॉरवर्ड केले किंवा अश्लील म्हणून फोडून टाकले, तर अभिमान उरेल आणि आधार जाईल.

थोडक्यात

१. पहिलं उत्तर म्हणजे फक्त एक उमेदवार.
२. शेजारचे शब्द आणि लिंग बघा.
३. त्या काळाला साजेसा कोश उघडा.
४. आवाजाचा नियम लावा.
५. त्याच मजकुरातला दुसरा शब्द साक्षीला घ्या.
६. शेवटी अर्थ वाक्यात बसतो का ते बघा.

आता सरावासाठी एक शब्द : ‘चाळ’. गिरगाव-लालबागच्या चाळीला चाळ का म्हणतात? पायातील चाळ, पुस्तक चाळणं आणि राहायची चाळ, हे एकच शब्द की वेगवेगळे? मोल्सवर्थ उघडा, लिंगाची खूण बघा, आणि पहिल्या उत्तरावर थांबू नका.